रॉकेट कुठे हलकं होतं ते कसं ओळखायचं : एका बँकरवाल्याची वही

कसारा घाटात मेल चढवायची तर पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. चढ आहे सदतीसला एक, म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की 1 मीटर वर. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला बँकर, म्हणजे रेटा द्यायला जादा इंजिन लागतं. ते मागून रेटत गाडी इगतपुरीपर्यंत नेतं, तिथे सुटतं आणि पुढच्या गाडीसाठी रिकामं खाली येतं. मध्य रेल्वेतल्या नोकरीची माझी बरीच वर्षं या बँकरवर गेली. पुढच्या इंजिनवाल्याला सिग्नल दिसतो, डोंगर दिसतो, धबधबे दिसतात. बँकरवाल्याला दिसते फक्त शेवटच्या डब्याची पाठ.

हे सांगायचं कारण म्हणजे माझी नात. आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला रॉकेट हा विषय मिळाला आणि तिने मला विचारलं, "आबा, रॉकेटला एवढे टप्पे कशाला? एकच मोठ्ठी टाकी का नाही लावत?"

मी म्हटलं, "पंजाब मेलचं बँकर आम्ही फिरोजपूरपर्यंत का नेत नाही?"

"उगाच ओझं कशाला न्यायचं?"

झालं. विषय एवढाच आहे. पुढे जे लिहितोय ते हे ओझं टाकणं घरच्या घरी करून कसं बघायचं आणि खऱ्या उड्डाणाच्या व्हिडिओत घड्याळ लावून कसं पकडायचं, त्याबद्दल. मुलुंडला आमच्या इमारतीच्या पॅसेजमध्ये आम्ही दोघांनी दोन रविवार घालवून हे जमवलं. पहिला रविवार पूर्ण वाया गेला, तेही सांगतो.

आधी थोडं गणित, कारण ते टाळलं तर बाकीची नुसती गंमत उरते. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरत राहायचं तर सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेग लागतो. सीएसएमटी ते कल्याण 54 किलोमीटर. फास्ट लोकल जवळजवळ तास घेते, या वेगाने 7 सेकंद. वर चढताना गुरुत्वाकर्षण मागे ओढतं, हवा अडवते, त्याची भरपाई धरली तर हिशेब सेकंदाला 9 किलोमीटरच्या पुढे जातो. आता त्सिओल्कोव्हस्की नावाच्या रशियन शाळामास्तरांनी 1903 साली छापलेलं सूत्र काय म्हणतं बघा. इंजिनातून वायू ज्या वेगाने मागे फेकला जातो, तेवढाच वेग रॉकेटला हवा असेल तर निघतानाचं वजन हे इंधन संपल्यावरच्या वजनाच्या 2.7 पट हवं. दुप्पट वेग हवा तर 7.4 पट. तिप्पट हवा तर 20 पट. वायूचा वेग सेकंदाला 3 किलोमीटर धरा, म्हणजे आपल्याला तिप्पट हवा. निघताना 100 किलो असेल तर वर पोचताना फक्त 5 किलो उरायला हवं, आणि त्या 5 किलोत टाकी, इंजिन, पंप, वायरी सगळं बसवून शिवाय उपग्रहही न्यायचा. जमत नाही. म्हणून रॉकेटचे टप्पे करायचे, प्रत्येकाची टाकी आणि इंजिन वेगळं, रिकामा झालेला टप्पा वाटेत सोडायचा आणि उरलेल्या हलक्या रॉकेटचा हिशेब नव्याने सुरू करायचा.

वंदे भारत आता बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. हे पाहून मला बँकरवाला म्हणून जरा वाईटच वाटलं. पण रॉकेटमध्ये अजून कुणाला ते जमलेलं नाही. जमिनीवरून एकाच टप्प्यात कक्षेत पोचलेलं रॉकेट आजवर झालेलं नाही.

फुग्यांचं दोन टप्प्यांचं रॉकेट

सामान : लांबडे फुगे अर्धा डझन (गोल आणू नका, ते दोरीवर गरगर फिरतात), फुगे भरायचा हातपंप, चिकटपट्टी, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, एक कागदी पेला, मासे पकडायची नायलॉनची गुळगुळीत दोरी आणि दोन नळ्या. नळी म्हणून स्ट्रॉ वापरा असं सगळे सांगतात. प्लॅस्टिकची स्ट्रॉ आता मिळत नाही आणि कागदी स्ट्रॉ आमच्याकडच्या जुलैच्या हवेत तासाभरात लोळागोळा होते. वापरून संपलेल्या बॉलपेनची नळी घ्या, दोन्ही टोकं उघडी करून. थर्माकोलच्या पेल्यावरही बंदी आहे, पण टपरीवरचा चहाचा कागदी पेला चालतो, जरा जाड बघून घ्या.

पेल्याच्या तोंडाकडचा इंचभर भाग कापा. त्याची अखंड गोल रिंग झाली पाहिजे. कुठे चिरली तर दुसरा पेला घ्या, चिकटपट्टीने जोडायच्या भानगडीत पडू नका. ही रिंग म्हणजे आपलं कपलिंग, दोन टप्पे जोडणारा सांधा.

दोरी दोन्ही नळ्यांतून आधी ओवायची आणि मगच दोन्ही टोकांना बांधायची. हसू नका, पहिल्या रविवारी मी आधी दोन ग्रिलांना घट्ट बांधून ठेवली आणि मग नळ्या हातात घेऊन बघत बसलो. दोरी ताठ हवी, झोळ पडला की फुगा मध्यावर थांबतो.

आता पुढचा फुगा. पाऊण भरा, गाठ मारू नका, तोंडाला पीळ देऊन चिमटा लावा. हे तोंड रिंगमधून मागे ओढून घ्या. मग दुसऱ्या फुग्याचं नाक मागच्या बाजूने त्याच रिंगमध्ये थोडं घाला आणि पंपाने भरायला लागा. तो फुगतो तसा रिंगमध्ये दाटीवाटीने बसतो आणि पहिल्या फुग्याचं तोंड रिंगच्या भिंतीशी दाबून धरतो. पुरेसा फुगला की पहिल्याचा चिमटा हळूच काढा. फुसफुस ऐकू आली तर दुसऱ्यात आणखी थोडी हवा. आवाज नसेल तर जमलं. यासाठी दोन माणसं लागतात, आणि दोघांपैकी एकानेच सूचना द्यायच्या. आमच्या घरी आजीही आली आणि तीन जण सूचना देऊ लागले, त्या वेळी चार फुगे फुटले.

दुसऱ्याच्या तोंडाला चिमटा लावा, दोन्ही फुगे आपापल्या नळीला चिकटपट्टीने चिकटवा, तोंडं मागच्या दिशेला. दोरीच्या एका टोकाला न्या. चिमटा काढा.

मागचा फुगा दोघांना घेऊन पळतो. त्याची हवा संपत आली की तो रिंगमध्ये सैल पडतो, पुढच्याचं तोंड मोकळं होतं आणि पुढचा एकटाच सुटतो. आमचा पहिला धड प्रयत्न दुसऱ्या रविवारी सकाळी झाला. नात एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या दाराची साखळी निघाली.

पण इथे थांबू नका. खरा प्रयोग पुढे आहे. पॅसेजमध्ये खडूने खुणा करा आणि तीन वेळा सोडा. एकदा एकटा फुगा. एकदा दोन टप्प्यांचा. आणि तिसऱ्या वेळी दोन टप्प्यांचाच, पण मागचा फुगा पुढच्याला चिकटपट्टीच्या लांब पट्टीने बांधून ठेवलेला, म्हणजे हवा संपली तरी तो सुटणार नाही. हवा तेवढीच, फुगे तेच. तरी बांधलेला प्रकार आमच्याकडे दर वेळी मोकळ्याच्या मागे राहिला, कारण पुढचा बिचारा रिकामं रबर आणि नळी ओढत होता. प्रदर्शनात मांडायचं असेल तर हीच तुलना मांडा. नुसतं उडालेलं बघून परीक्षक टाळ्या वाजवतात. बांधलेलं आणि मोकळं शेजारी शेजारी दाखवलं की ते थांबून प्रश्न विचारतात.

आता खरं उड्डाण

आम्हा रेल्वेवाल्यांना टाइमटेबल हातात असल्याशिवाय गाडी दिसत नाही. उड्डाणाचंही तसंच आहे. प्रत्येक उड्डाणाआधी इस्रोच्या संकेतस्थळावर माहितीपत्रक येतं, त्यात कोणती गोष्ट कितव्या सेकंदाला होणार ते दिलेलं असतं. ते वहीत उतरवून घ्यायचं. तीन रकाने : काय, ठरलेली वेळ, झालेली वेळ. सरावासाठी 14 जुलै 2023 चं चांद्रयान-3 घ्या. त्याची चित्रफीत सहज सापडते आणि एलव्हीएम-3 या रॉकेटचे टप्पे नवशिक्यालाही वेगवेगळे ओळखू येतात.

रॉकेट 43.5 मीटर उंच, वजन सुमारे 640 टन. घाटात चालणारं आमचं डब्ल्यूएजी-9 इंजिन 123 टनांचं. म्हणजे अशी पाच इंजिनं एकावर एक उभी करायची, आणि हे सगळं कशासाठी, तर 3.9 टनांचं चांद्रयान वर न्यायला.

घड्याळ शून्यावर : बाजूचे दोन जाड बूस्टर पेटतात. त्यांचं नाव एस-200, एस म्हणजे सॉलिड, घन इंधन, प्रत्येकी 200 टनांच्या वर. इथे नात आणि माझं वाजलं. मी म्हणत होतो मधला खांब हा पहिला टप्पा आणि बाजूचे मदतनीस. तिने माहितीपत्रक दाखवलं. मधला खांब जमिनीवर पेटतच नाही! या रॉकेटला हे दोन बूस्टर हाच पहिला टप्पा. इस्रोच्या पीएसएलव्ही या दुसऱ्या रॉकेटमध्ये मात्र मी म्हणतो तसंच आहे, तिथे मधला खांब पहिला टप्पा आणि बाजूचे छोटे, असतील तेव्हा, ते मदतनीस. तेव्हा नावावर जाऊ नका, आधी काय पेटतं ते बघा.

ओळखायची खूण धूर. घन इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी असते, म्हणून पांढराशुभ्र दाट धूर निघतो आणि मागे खांबासारखा उभा राहतो. घन इंधन म्हणजे दिवाळीतला बाण. एकदा वात पेटली की विझवता येत नाही, पण जोर प्रचंड. सुरुवातीला, सगळं ओझं अंगावर असताना, हाच जोर लागतो.

सुमारे 108 सेकंद : मधला एल-110 पेटतो. एल म्हणजे लिक्विड, द्रवरूप इंधन, आणि त्याला दोन विकास इंजिनं. ही विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये तयार होतात. विक्रोळी स्टेशनातून मी आयुष्यात किती गाड्या नेल्या असतील, पण रुळाजवळच्या त्या झाडांमागे काय घडतंय याचा पत्ता निवृत्त झाल्यावर लागला.

एक गोष्ट लक्षात घ्या. 108 ला मधला पेटला, पण बूस्टर सुटतात 127 ला. मधली 19 सेकंदं दोन्ही जोर लावतात. हे आम्हाला शिकवावं लागत नाही : एक इंजिन सोडायचं असेल तर दुसऱ्याने आधी ओढ घ्यायला हवी, नाहीतर चढावर गाडी मागे येते.

127 सेकंद, उंची सुमारे 62 किलोमीटर : बूस्टर बाजूला फेकले जातात. वहीत इथे लाल रेघ मारा. दोन मिनिटं आणि काही सेकंदांत रॉकेटचं वजन निघतानाच्या साधारण पावपट झालेलं असतं. पुढे पांढरा धूर नाही, त्यामुळे पडद्यावर काही घडत नाहीसं वाटतं. समालोचक "परफॉर्मन्स नॉर्मल" म्हणत राहतो. बहुतेक लोक इथेच चहा टाकायला उठतात. उठू नका.

195 सेकंद, उंची सुमारे 115 किलोमीटर : वरच्या टोकाचं कवच दोन फाकांत उघडून गळतं. खाली हवेच्या माऱ्यापासून यानाला वाचवायला ते हवं होतं. इथे हवा जवळजवळ नाहीच, मग तेही ओझंच. हे न सुटल्यावर काय होतं ते 31 ऑगस्ट 2017 ला दिसलं. पीएसएलव्ही-सी39 चं कवच उघडलंच नाही, रॉकेट जादा वजन घेऊन जात राहिलं आणि उपग्रह आतल्या आत अडकला. ते मी थेट बघत होतो. वेगाची रेषा ठरलेल्या रेषेच्या खाली खाली जात होती आणि कारण काही वेळ कळत नव्हतं. पडद्यावरच्या त्या दोन रेषा, एक ठरलेली आणि एक खरी, शिकून घ्या. समालोचक बोलायच्या आधी त्या बोलतात.

306 सेकंद, उंची सुमारे 175 किलोमीटर : एल-110 सुटतो. 308 ला वरचा सी-25 पेटतो. मधली दोनेक सेकंदं कुणीच रेटत नाही. मला विचाराल तर सगळ्या उड्डाणात ही दोन सेकंदं सगळ्यात अवघड.

इगतपुरीला आम्ही गाडी उभी करून बँकर सोडतो. खाली माणूस उतरतो, कपलिंग काढतो, वॉकीटॉकीवर निरोप येतो, मग हलायचं. रॉकेट उभं करता येत नाही. तिथे सहसा जोडाचे बोल्ट स्फोटाने तोडावे लागतात आणि दोन भाग स्प्रिंगने किंवा छोट्या उलट्या रॉकेटांनी दूर ढकलावे लागतात. शिवाय रेटा थांबला की टाकीतलं द्रव इंधन तरंगायला लागतं, पंपाच्या तोंडाशी राहत नाही, म्हणून काही रॉकेटांत आधी छोटा धक्का देऊन ते तळाशी बसवतात आणि मगच मोठं इंजिन लावतात. आणि सुटलेलं मागचं इंजिन पूर्ण शांत झालेलं हवं. 3 ऑगस्ट 2008 ला स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या फाल्कन-1 रॉकेटचं तिसरं उड्डाण यातच गेलं. पहिला टप्पा सुटला, पण त्याच्या इंजिनात बंद केल्यावरही थोडा रेटा उरला होता. सुटलेला टप्पा मागून आला आणि दुसऱ्यावर आदळला. कपलिंग काढल्यावर बँकरने गाडीला ढुशी मारण्याचाच प्रकार. हे वाचल्यावर मी नातीला पंधरा मिनिटं समजावत होतो. ती म्हणाली, "आबा, कळलं, आता पुढे जाऊया."

पुढे सी-25. सी म्हणजे क्रायोजेनिक. उणे 253 अंशांचं द्रव हायड्रोजन आणि उणे 183 अंशांचा द्रव ऑक्सिजन. सांभाळायला महाकठीण, जोर बूस्टरच्या मानाने किरकोळ, पण किलोमागे वेग सगळ्यात जास्त काढून देणारं इंधन. म्हणून ते शेवटी. खाली बैल लागतात, वर किफायत लागते. हा टप्पा 308 पासून 954 सेकंदांपर्यंत चालतो, पावणेअकरा मिनिटं. नातीने वहीत उंचीचाही रकाना केला होता, आणि तिच्याच लक्षात आलं की एवढा वेळ इंजिन चालूनही शेवटी उंची सुरुवातीएवढीच, सुमारे 175 किलोमीटर. वेग मात्र दुपटीहून जास्त होऊन सेकंदाला 10 किलोमीटरवर गेलेला. घाट कधीच संपलेला असतो, इगतपुरीच्या पुढचा सपाट मार्ग असतो आणि गाडी नुसती पळत असते. चहा टाकायचाच असेल तर तो इथे टाका. 969 ला यान सुटतं, तेव्हा परत या.

चांद्रयान जमलं की पीएसएलव्हीचं एखादं उड्डाण लावा. त्यात घन, द्रव, घन, द्रव असे चार टप्पे येतात, त्यामुळे पेन हातातच ठेवावं लागतं.

वहीत आम्ही नंतर चौथा रकाना वाढवला : "सुटलेलं कुठे गेलं". आपले खालचे टप्पे समुद्रात पडतात. जुलै 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पिंपासारखं एक भलंमोठं नळकांडं वाहत आलं आणि तिथल्या अंतराळ संस्थेने सांगितलं की ते बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं आहे. स्पेसएक्सच्याच फाल्कन-9 चा पहिला टप्पा मात्र डिसेंबर 2015 पासून परत येऊन उभा उतरायला लागला. त्याची चित्रफीत नातीने मला तीनदा दाखवली आणि म्हणाली, "आता तुमचं बँकर जुळलं, आबा." त्या ओळीपुढे तिने लिहिलंय : "रिकामं खाली आलं, पुढच्या गाडीसाठी."